सातासमुद्रापार दिलेल्या लेकी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



 अशा सभेत देऊळ कोणी बांधिले, वेदी कोणाच्या देणगीने उभी राहिली, घंटा कोठून आली, ह्या गोष्टींचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु आज सकाळी मिस्साच्या वेळी भगिनीवर्गाकडे माझी दृष्टी गेली आणि मनात एक निराळाच विचार आला. येथे बसलेल्या भगिनींपैकी कितीतरी जणी जन्माने ह्या गावच्या नव्हेत. कोणी वसईची, कोणी गोव्याची, कोणी नगर जिल्ह्यातील, कोणी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेली. लग्न होऊन त्या ह्या खानदेशात आल्या, येथील उन्हाळे त्यांनी सोसले, येथे त्यांनी मुलेबाळे वाढविली, आणि म्हणूनच आज आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षांचा उत्सव करिता येत आहे. देऊळ दगडांचे असते. धर्मग्राम मात्र सासरी आलेल्या लेकींनी बांधिलेले असते.

माझी आजीही अशीच आली. वसईकडच्या एका खेड्यातून ती भुसावळच्या रेल्वे कॉलनीत, ज्याचे तोंड तिने पूर्वी पाहिले नव्हते अशा एका फायरमनची बायको होऊन आली. आपणां खानदेशी लोकांस कॉलनी म्हटली की रेल्वेच्या चाळी आठवतात. परंतु त्या शब्दाचा मूळ अर्थ वसाहत, म्हणजे परमुलखी जाऊन वसलेल्या लोकांची वस्ती, असा आहे. आजीच्या आठवणीवरूनच मी आजचा विषय निवडला आहे. तो असा: गेल्या पावणेपाचशे वर्षांत हजारो तरुण मुली आपले घरदार सोडून, समुद्र ओलांडून, दूरच्या वसाहतीत जाऊन बसलेल्या पुरुषांशी लग्न करावयास का गेल्या? हा प्रश्न पाश्चात्य लोकांचा आहे असे कोणी म्हणेल. तसे नाही. ह्या कथेचा एक आरंभीचा अध्याय आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यास व वसईस, घडलेला आहे, आणि तिचा शेवटचा अध्याय आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे.

अल्फोन्सो दी अल्बुकर्क ह्याने १५१० साली गोवे घेतले, तेव्हा त्याजबरोबर शिपाई पुष्कळ होते, परंतु पोर्तुगालच्या बायका जवळजवळ नव्हत्याच. जहाजावर बायका नेण्याची रीत नव्हती. यास्तव अल्बुकर्कने आपल्या शिपायांस येथील बाप्तिस्मा घेतलेल्या स्त्रियांशी विवाह करण्यास उत्तेजन दिले. असा संसार थाटून राहिलेल्या पोर्तुगीजांस 'कझादो', म्हणजे लग्न झालेला, असे म्हणत. बायकामुलांचा पाश पडला की शिपाई पळून जात नाही आणि किल्ला टिकतो, हे त्या सेनापतीने ओळखले होते. येथेच आपल्या विषयाची पहिली किल्ली सापडते. राजास स्त्री हवी होती, ती तिच्यासाठी नव्हे. किल्ल्यास जसा चुना हवा, तशी वसाहतीस बायको हवी होती.

पुढे १५४५-४६ च्या सुमारास पोर्तुगालच्या राजाने दुसरी योजना आरंभिली. लिस्बनच्या अनाथाश्रमांतून लग्नाच्या वयाच्या मुली निवडून गोव्यास पाठविण्यास सुरुवात झाली. त्यांस 'राजाच्या पोरक्या लेकी' असे नाव होते. दरसाल फार मुली जात नसत, मूठभरच जात. परंतु हा क्रम दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू राहिला. मुलगी चांगल्या चालीची असावी, जुन्या ख्रिस्ती घराण्यातील असावी, आणि तिचा बाप राजाच्या सेवेत मेलेला असावा, अशा अटी असत. ह्या शेवटच्या अटीकडे लक्ष द्या. बाप कशाने मेला? बहुधा ह्याच हिंदुस्थानच्या मार्गावर, जहाज फुटून, किंवा येथील लढाईत, किंवा येथील तापाने. ज्या साम्राज्याने तिला पोरकी केली, तेच साम्राज्य तिला आता त्याच वाटेने पाठवीत होते.

ती का जाई, हे समजण्यासाठी क्षणभर तिच्या जागी उभे राहावे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, बाप नाही, भाऊ असला तर तोही समुद्रावर. त्या काळच्या लिस्बनमध्ये हुंड्यावाचून कुलीन घरी लग्न होत नसे. बरे, मठात जाऊन व्रतस्थ व्हावे म्हटले, तर तेथेही बहुधा हुंडा भरावा लागे. चाकरी करावी तर कुळाची अब्रू जाते असे नातलग म्हणत. अशा मुलीपुढे राजाचा अधिकारी येऊन म्हणे, तुझ्या वाटखर्चाची सोय आम्ही करितो, हुंडाही आम्ही देतो, मात्र गोव्यास गेले पाहिजे. जहाजे बहुधा मार्चात सुटत आणि आफ्रिकेच्या टोकास वळसा घालून सप्टेंबरच्या सुमारास गोव्यास लागत. वाटेत रोगाने माणसे दगावत, तुफानात जहाजेच्या जहाजे बुडत. तरीही ती जाई. साहसाची हौस म्हणून नव्हे, सोन्याचा लोभ म्हणूनही नव्हे. मागची दारे सगळी लागलेली होती आणि पुढचे एकच उघडे होते, म्हणून ती जाई.

आता तो हुंडा कशाचा असे, हे ऐकण्यासारखे आहे. रोख पैसा राजापाशी थोडा. म्हणून जो पुरुष अशा मुलीशी लग्न करील, त्यास तीन वर्षांपुरता एखादा सरकारी हुद्दा, किंवा काही जमिनीचे उत्पन्न मिळे. हुद्दे थोडे आणि उमेदवार फार, त्यामुळे कित्येकांस कागद हाती घेऊन वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात आली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. वसई, साष्टी, दमण ह्या उत्तर प्रांतातील गावे पोर्तुगीज घराण्यांस खंडाने लावून दिलेली असत, आणि हुंड्याच्या जमिनी पुरविण्यास हाच मुलूख सोयीचा होता. बंधुभगिनींनो, आपल्यापैकी ज्यांचे मूळ वसई-साष्टीत आहे, त्यांचे वाडवडील त्याच भातखाचरांत राबत होते. म्हणजे एका देशाच्या गरीब मुलीचा हुंडा दुसऱ्या देशाच्या गरीब शेतकऱ्याच्या घामातून भरला जात होता. दोघांनाही कोणी विचारले नव्हते.

धर्मसभेने ह्या मुलींकडे पाठ फिरविली नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. 'मिजेरिकोर्दिया' ही दयाधर्माची संस्था गोव्याप्रमाणे वसईतही होती, आणि पोरक्या मुलींचे पालन व त्यांचे हुंडे हे तिच्या कामांपैकी एक होते. गोव्याचे महागुरुस्वामी आलेक्स दी मेनेझिस ह्यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी अशा मुलींसाठी व निराधार स्त्रियांसाठी आश्रम काढिले, आणि १६०६ साली संत मोनिकाचा मठ स्थापिला. जहाजावरून उतरलेल्या मुलीस कोणीही उचलून न्यावी असे होऊ नये, म्हणून ह्या भिंती बांधिल्या होत्या. परंतु भिंतीस दोन बाजू असतात. आश्रमाने रक्षण केले तसे कोंडूनही ठेविले.

पोर्तुगीजांकडून आपण आता मुंबईस इंग्रजांकडे वळू, कारण मुंबई बेट स्वतःच हुंड्यात गेले, हे शाळेतल्या मुलांसही ठाऊक आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रागांझा हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्याच्याशी ठरला, तेव्हा १६६१ च्या तहात मुंबई लावून दिली गेली. १६६५ साली इंग्रजांनी बेटाचा ताबा घेतला, आणि १६६८ साली राजाने ते सालीना दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीस दिले. ती राजकन्याही एका अर्थी परमुलखी पाठविलेली लेकच होती. ज्या देशात तिच्या कॅथलिक श्रद्धेचा द्वेष होत होता, तेथे तिने अपत्यावाचून व पतीच्या बेइमानीत दिवस काढिले. परंतु ती राणी होती. वैधव्यानंतर ती स्वदेशी परत जाऊ शकली. परत जाण्याची ही मोकळीक इतर मुलींस होती काय, हे पुढे पाहू.

कंपनीपुढे मुंबईस अल्बुकर्कचीच अडचण उभी राहिली. शिपाई तरुण, आणि बेटावर इंग्रज मुली नाहीत. ते शिपाई येथल्या कॅथलिक स्त्रियांशी लग्ने करू लागले, आणि त्यांची मुले आपल्या देवळांत बाप्तिस्मा घेऊ लागली. ह्या गोष्टीची कंपनीच्या प्रॉटेस्टंट कारभाऱ्यांस मोठी धास्ती वाटली. आपली मुंबईची एखादी सुगरण कॅथलिक आजी कंपनी सरकारास तोफेपेक्षा भयंकर वाटत होती, हे वाचून मला हसू आले. उपाय म्हणून कंपनीने इंग्लंडहून मुली पाठविल्या. त्यांत 'घरंदाज' आणि 'इतर' असे दोन वर्ग पाडिले होते. प्रत्येकीस कपड्यांचा एक जोड आणि एक वर्षाचे अन्न, एवढे देण्याचे ठरले. त्या वर्षात नवरा मिळवावयाचा. ज्यांस मिळाला नाही त्यांचे काय? परके गाव, खिशात दाम नाही, ओळखीचे कोणी नाही. काहींचे पाऊल घसरले. १६७५ साली वरिष्ठांचा हुकूम आला की अशा स्त्रियांस आधी ताकीद द्यावी, आणि सुधारल्या नाहीत तर त्यांचे बाहेर जाणे बंद करून, स्वदेशी जहाजावर चढवीपर्यंत भाकर व पाणी ह्यांवर ठेवावे. ज्या कारभाऱ्यांनी त्यांस आणिले, त्यांनीच त्यांस कलंक म्हटले. मुलीस परत धाडणे शक्य होते, हे ह्यावरून दिसते. परंतु ती परतीची वाट दयेची नव्हती, शिक्षेची होती.

हिंदुस्थानाबाहेरही हेच चालले होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीस तेथील कंपनीने १६२० साली नव्वद आणि १६२१ साली सत्तावन्न मुली पाठविल्या. दुसऱ्या खेपेस जो पुरुष मुलीशी लग्न करील त्याने तिच्या प्रवासखर्चाबद्दल दीडशे पौंड उत्तम तंबाखू द्यावी असे ठरले होते. आपल्या खानदेशात कापसाची गाठ तोलतात, तशी तेथे तंबाखू तोलली जाई. तथापि त्याच कंपनीने आपल्या अधिकाऱ्यांस हेही लिहिले होते की विवाह निसर्गनियमाप्रमाणे मोकळेपणाने व्हावा, मुलींवर जुलूम होऊ नये. व्यापाऱ्यांच्या मनासही कोठेतरी टोचणी लागली होती.

ह्या सर्व कथांत थोडे समाधान देणारी कथा कॅनडाची आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई ह्याने १६६३ ते १६७३ ह्या दहा वर्षांत सुमारे पावणेआठशे मुली आपल्या उत्तर अमेरिकेतील वसाहतीस पाठविल्या. त्यांस 'राजाच्या मुली' म्हणत. त्याही बहुधा गरीब, कित्येक पोरक्या. परंतु तेथे दोन गोष्टी निराळ्या घडल्या. पहिली ही की, मुली थोड्या व वर पुष्कळ असल्यामुळे मुलीस निवड करिता येई. क्वेबेक येथील उर्सुलाईन धर्मभगिनी संत मरी, जिने देहधारणेची मरी हे व्रतनाम घेतले होते, तिने आपल्या पत्रात लिहून ठेविले आहे की ह्या मुली वरास प्रथम हेच विचारतात की तुला राहावयास घर आणि जमीन आहे काय. आणि ह्यात त्या शहाणपणाच करितात असा तिचा अभिप्राय होता. आपल्याकडे स्थळ पाहताना वडीलधारी मंडळी शेती किती, घर कोणाच्या नावे, असे विचारतात. तेथे मुलगी स्वतः विचारीत होती. लग्नाचा करार लिहून झाल्यावरही न पटल्यास तो मोडण्याची मुभा होती, आणि काहींनी तो मोडलाही.

दुसरी गोष्ट अशी की, त्यांच्या वाटेवर एक संत उभी होती. मोंट्रियल येथे मार्गेरीत बुर्जुआ नावाची व्रतस्थ शिक्षिका १६५३ पासून सेवा करीत होती. जहाजातून उतरणाऱ्या मुलींस ती आपल्या घरी नेई, त्यांजबरोबर राही, त्यांस त्या थंड देशातील संसार शिकवी, आणि लग्नाची मागणी घालण्यास येणाऱ्या पुरुषास त्या घरात येऊनच बोलावे लागे. १९८२ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी तिला संतपद दिले. आज क्वेबेकमधील फ्रेंच भाषिकांपैकी पुष्कळजण आपले कूळ त्या पावणेआठशे मुलींपर्यंत अभिमानाने नेऊन पोहोचवितात. मुंबईच्या मुलींची नावेही बहुतेक लोपली. अंतर कशाचे? मुली दोन्हीकडे गरीबच होत्या. एकीकडे त्यांस 'नाही' म्हणता येत होते आणि डोक्यावर मायेचे छप्पर होते. दुसरीकडे वर्षाची मुदत होती आणि भाकर-पाणी होते.

ह्याच कामाचा वसा पुढे एका स्त्रीने घेतला, आणि तिचा आपल्या देशाशी संबंध आहे. कॅरोलाईन चिझम ही इंग्रज स्त्री मद्रासच्या फौजेतील एका कॅथलिक अधिकाऱ्याशी १८३० साली विवाह करून कॅथलिक झाली. मद्रासला तिने शिपायांच्या मुलींसाठी उद्योगशाळा चालविली. १८३८ साली ती ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे गेली, तेव्हा तिला बंदरावर जहाजांनी आणून सोडलेल्या निराधार मुली उघड्यावर झोपताना दिसल्या. सरकारने मुलींस आणिले होते. उतरल्यावर त्यांचे काय, हे मात्र कोणी पाहिले नव्हते. १८४१ साली तिने एका जुन्या, उंदरांनी भरलेल्या बराकीत त्यांच्यासाठी घर उघडिले, आणि स्वतः घोड्यावर बसून दूरदूरच्या शेतमळ्यांवर त्यांच्यासाठी प्रामाणिक काम व सभ्य घरे शोधिली. पाच-सहा वर्षांत सुमारे अकरा हजार माणसांस तिने मार्गी लाविले. पुढे आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा १८४८ ते १८५० ह्या काळात चार हजारांहून अधिक पोरक्या मुली तेथील अन्नछत्रवजा गरीबगृहांतून ऑस्ट्रेलियास पाठविण्यात आल्या. त्यांतील बहुतेक कॅथलिक होत्या. त्यांच्याही जाण्याचे कारण लिस्बनच्या मुलीचेच होते: मागे भूक, पुढे समुद्र.

आपल्या मराठी मुलुखातील स्त्रियाही ह्यातून सुटल्या नाहीत. १८३४ पासून मॉरिशस बेटात उसाच्या मळ्यांवर करारबंद मजूर जाऊ लागले. त्यांत कोकणपट्टीतील व इतर मराठी माणसे होती. मळ्यांवर पुरुष फार व बायका थोड्या असल्याने अनर्थ होऊ लागले, तेव्हा सरकारने पुरुषांच्या मानाने बायका अमुक इतक्या असाव्यात असे प्रमाण ठरवून दिले. येथेही तोच हिशेब: वसाहत टिकावी म्हणून बायको.

इंग्रजी अमलात हा ओघ निराळ्या रूपाने वाहत राहिला. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला. धरणगावास भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स आउटरम दहा वर्षे ह्या मुलखात एकटा राहिला, आणि १८३५ साली मुंबईस त्याचा विवाह झाला, तो स्कॉटलंडमधील आपल्या नात्यातील मार्गारेट अँडरसन हिच्याशी. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. मग थंडीच्या दिवसांत विलायतेहून मध्यमवर्गीय मुली आगबोटीने येऊ लागल्या, कारण तिकडे अविवाहित मुलीस मान नव्हता आणि इकडे पगारदार वर होते. त्यांस थट्टेने 'मासेमारीचा ताफा' म्हणत. ज्या लग्नावाचून परत जात, त्यांस 'रिकाम्या परत गेलेल्या बाटल्या' अशा अर्थाचे नाव होते. आपल्याकडे दाखविण्यास नेलेल्या मुलीस नकार आला की शेजारीपाजारी काय बोलतात, ते आठवावे, म्हणजे ह्या थट्टेतील विष कळेल.

आता ह्या सर्वांचे तात्पर्य सांगतो. मुली का गेल्या, ह्याची कारणे तीन. घरी हुंडा मागितला जात होता. मुलीस स्वतःच्या पायावर उभे राहण्याची वाट नव्हती. आणि परमुलखी मुलींची टंचाई असल्याने कोणीतरी सत्ताधारी त्यांची किंमत भरावयास तयार होता. ही तिन्ही एकत्र आली की मुलगी जहाजावर चढते. त्या मुलीस दोष देणे अन्यायाचे आहे, आणि तिला भाबडी म्हणणेही अन्यायाचे आहे. जेवढी निवड हाती होती, तेवढी तिने केली.

बंधुभगिनींनो, आता दूर समुद्रावरून आपल्या गिरणा-तापीच्या काठी परत येऊ या. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. आपल्या जळगाव जिल्ह्यात ८४२. वसाहतीत मुली नव्हत्या, कारण त्या तेथे गेलेल्या नव्हत्या. आपल्याकडे मुली कमी आहेत, कारण त्यांस जन्मू दिले नाही. ती मुले आता लग्नाच्या वयाकडे येत आहेत. त्याचा परिणाम आपण वर्तमानपत्रांत वाचतो: लग्न जुळविणारे दलाल, परजिल्ह्यांतून व परराज्यांतून पैसे देऊन आणिलेल्या वधू, पाड्यावरच्या गरीब बापास उचल देऊन दूर नेलेल्या मुली, आणि वराकडच्यांची झालेली फसवणूकही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. तरी हुंडा दुसऱ्या नावाने मागितला जातो, आणि हुंडा देता येत नाही म्हणूनच गरीब बाप दलालापुढे मान तुकवितो. तंबाखूचे दीडशे पौंड गेले, नोटांचे पुडके आले. हिशेब तोच आहे.

ह्यावर आपला धर्म काय सांगतो? उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाचा चाकर इसहाकासाठी वधू शोधावयास दूर देशी गेला. बोलणी ठरली, दागिने दिले, तरी रिबेकेच्या माहेरच्यांनी तिला बोलावून विचारले की तू ह्या माणसाबरोबर जाशील काय. ती जाईन म्हणाली, तेव्हाच उंट निघाले. त्याहून थोर उदाहरण तर आपण दररोज देवदूताच्या प्रार्थनेत आठवितो. सर्वसमर्थ देवानेही नाझरेथच्या कन्येस विचारल्यावाचून काही केले नाही. तिच्या होकारासाठी स्वर्ग थांबला. म्हणूनच धर्मसभेने शिकविले की विवाह वधूवरांच्या संमतीने होतो, बापाच्या वचनाने नव्हे, सरकारच्या हुकमाने नव्हे, पैशाने तर नव्हेच. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरू व दोन साक्षीदार ह्यांच्यासमोर विवाह व्हावा असे ठरविले, ते चोरून व फसवून होणारी लग्ने थांबावी म्हणून. आजच्या धर्मकायद्यातही बळजबरीने किंवा मोठ्या भयाने घेतलेला होकार हा होकारच नव्हे, असे स्पष्ट कलम आहे. ज्या होकारापूर्वी 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती, तो होकार देवापुढे किती टिकेल, ह्याचा प्रत्येक मातापित्याने विचार करावा.

उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. तरी वडीलकीच्या नात्याने तीन विनंत्या करितो. पहिली: दूरचे स्थळ आले असता मुलीस एकांतात विचारावे. चारचौघांत विचारिले तर ती मान खाली घालील, आणि आपण त्यासच संमती समजू. दुसरी: मुलाच्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंस पत्र लिहावे व देवळातील लग्नाच्या घोषणांकडे केवळ रीत म्हणून पाहू नये, आणि दलालाच्या हाती मुलगी कधीही देऊ नये, मग तो आपला ओळखीचा का असेना. तिसरी: मुलगी सासरी जाताना तिचे कागद, तिचे पैसे आणि तिचा दूरध्वनी तिच्याच हाती राहील असे पाहावे, आणि घरचे दार तिला उघडे आहे हे तिला शब्दांनी सांगावे. 'दिल्या घरी सुखी राहा' हा आशीर्वाद गोड आहे. परंतु त्यात परत यावयाचे नाही असा अर्थ दडलेला असेल, तर तो आशीर्वाद नव्हे.

माझ्या आजीस लग्नापूर्वी कोणी विचारिले नव्हते; तो काळच तसा होता. परंतु तिच्या बापाने गाडी सुटताना भुसावळहून परत येण्याच्या तिकिटाचे पैसे तिच्या पदराच्या गाठीत बांधिले आणि कोणास सांगू नकोस म्हणाला. ते पैसे तिने कधी मोडिले नाहीत. म्हातारपणी ती म्हणे, "ते होते म्हणून मी राहिले." मी लहान होतो, मला वाटे की ही कोड्यात बोलते. आज मला कळते. जिला परतीची वाट आहे, तीच मनाने राहते. जिला नाही, ती नुसती अडकून पडते.

शेवटी आपल्या धर्मग्रामासंबंधी एक शब्द. येथून जशा लेकी जातात, तशा येथे सुनाही येतात. एखादी नवी वधू रविवारी मागच्या बाकावर एकटी बसलेली दिसेल. तिची बोली निराळी असेल, आपले अहिराणी बोल तिला कळत नसतील. तिला नाव विचारावे, घरी बोलवावे, तिचे माहेर कोणते ते ऐकून घ्यावे. त्यासाठी मोंट्रियलला जावयास नको, संतपदही नको. पुढील पन्नास वर्षांनी जेव्हा शतकमहोत्सव होईल, तेव्हा ह्या देवळात बसलेल्या सर्व भगिनी येथे आणिलेल्या नसाव्या, आलेल्या असाव्या, एवढीच माझी प्रभूपाशी प्रार्थना आहे.

बाळ येशूस उराशी धरून मिसर देशी परमुलखी गेलेली आपली पवित्र माता मरिया सर्व दूर गेलेल्या लेकींचे रक्षण करो.